इतिहासात सत्ता कुठे शोधायची?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो 'इतिहास आणि सत्ता'. विषय ऐकून एक-दोघे म्हणाले, विहारात धम्मावर बोलावं, राजकारण कशाला? राजकारण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक येते, बॅनर येतात, रात्रीच्या बैठका येतात. त्यावर आज आम्ही बोलणार नाही. पण धम्माचं म्हणाल तर महापरिनिब्बान सुत्ताची सुरुवातच राजकारणाने होते. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींवर स्वारी करायची होती. त्याने आपला अमात्य वस्सकार याला तथागतांकडे पाठवलं. तथागतांनी त्याला हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. त्यांनी आनंदाला प्रश्न विचारले. वज्जी वरचेवर सभा भरवतात का? एकजुटीने जमतात आणि एकजुटीने उठतात का? वडीलधाऱ्यांचं ऐकतात का? बायकामुलींवर जबरदस्ती तर करत नाहीत ना? असे सात प्रश्न. वज्जींकडे हत्ती किती, घोडे किती, खजिन्यात काय आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. एखाद्या समाजाची ताकद नेमकी कुठे असते हे शोधायची ही रीत अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा हा विषय विहारातलाच आहे, बाहेरचा नाही.

शाळेत आपण जो इतिहास शिकलो त्यात सत्ता म्हणजे सिंहासन. अमुक राजा गादीवर बसला, तमुक साली लढाई झाली, तह झाला, तहाची कलमे पाठ करा. आम्हीही केली. पण त्या राजाच्या राज्यात वेशीबाहेरच्या माणसाला पाणी कोण देत होतं आणि कोण अडवत होतं, हे त्या पुस्तकात नव्हतं. पेशवाई गेली, कंपनी सरकार आलं. कंपनी गेली, राणीचं राज्य आलं. पाणवठ्याचा नियम मात्र होता तसाच राहिला. मग हुकमत कोणाची म्हणायची? गादीवरच्याची की पाणवठ्यावरच्याची?

विद्यापीठांतून होणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासात हा प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुढे आला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा तिथे जेम्स हार्वे रॉबिन्सन नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांचं 'द न्यू हिस्टरी' हे पुस्तक आदल्याच वर्षी, १९१२ साली, निघालं होतं. त्यांचं सांगणं असं की राजे आणि लढाया एवढ्यावर इतिहास संपत नाही. साधी माणसं कशी जगली, काय मानत होती, हेही त्यात आलं पाहिजे, आणि आजची गाठ सोडवायला त्याचा उपयोग झाला पाहिजे. दुसरे प्राध्यापक सेलिग्मन. इतिहासाच्या मुळाशी अर्थकारण कसं असतं यावर त्यांचा ग्रंथ होता. म्हणजे पैशाची सत्ता काय चीज असते हे बाबासाहेब अर्थशास्त्राच्या पक्क्या गुरूकडून शिकून आले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे बाबासाहेबांना अर्थकारण कळत नव्हतं असं म्हणणारे शहाणे आपल्याला भेटतात.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं. मंडळाला ते पचलं नाही. भाषण झालंच नाही, बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. आपल्या बहुतेक घरांत ते पुस्तक आहे, फोटोशेजारी आहे, पण उघडलेलं कितीजणांनी? त्यात समाजवाद्यांशी त्यांचा वाद आहे. समाजवादी म्हणत, मालमत्ता हीच सत्तेचं मूळ. बाबासाहेब म्हणाले, मालमत्ता हे एक मूळ आहे, पण धर्म आणि सामाजिक दर्जा हीसुद्धा सत्तेची मुळं आहेत. या देशात लखपती माणूस अंगावर वस्त्र नसलेल्या साधूच्या पाया पडतो. तो कशापायी? गरीब माणूस किडूकमिडूक विकून काशीला जातो, मक्केला जातो. त्याला कोणी शिपाई ओढून नेत नाही.

मग त्यांनी दाखला दिला रोमचा. तो ऐका, कारण तो आपल्या कोकणातल्या माणसाला चटकन समजेल. प्राचीन रोममध्ये दोन वर्ग होते. पॅट्रिशियन म्हणजे कुलीन आणि प्लेबियन म्हणजे सामान्य. प्लेबियन लोकांनी लढून लढून हक्क मिळवला की दोन कॉन्सलांपैकी एक आमचा असला पाहिजे. कॉन्सल म्हणजे रोमचा सर्वांत मोठा अधिकारी. हे झालं इसवी सनापूर्वी ३६७ साली. आता कागदावर बघितलं तर अर्धी सत्ता हातात आली. पण निवडून आलेला माणूस देवीला पसंत आहे की नाही, याचा कौल घ्यावा लागे, असं बाबासाहेब सांगतात. कौल लावणारे पुजारी कोण? सगळे पॅट्रिशियन. मग कौल कोणाला मिळणार? जो वाकून चालेल त्याला. ताठ मानेचा माणूस निवडून आला की देवीचा कौल डावा. आणि गंमत अशी की ज्यांनी त्याला निवडून दिलं तेही निमूट बसत, कारण देवीवर त्यांचीही श्रद्धा. मतांची सत्ता प्लेबियनांकडे, कौलाची सत्ता कुलीनांकडे. पुजारीपदं प्लेबियनांना खुली झाली ती इसवी सनापूर्वी ३०० साली, म्हणजे तब्बल सदुसष्ट वर्षांनी. राखीव जागेवर आपला माणूस बसला म्हणून पेढे वाटताना हे रोम आम्हाला आठवतं. खुर्ची मिळाली, बरं झालं. कौल कोण लावतो?

आम्ही गिरणी कामगार. त्यामुळे गिरणीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार चांगला. पण अस्पृश्य कामगाराला साच्यावर घेत नसत. का, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा, म्हणजे विटाळ. हा नियम सरकारने केलेला नव्हता. मालकानेही कुठे पाटी लावलेली नव्हती. शेजारच्या साच्यावरच्या कामगारानेच तो चालवला होता, जो स्वतः मालकाविरुद्ध घोषणा देत होता. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. आम्ही लाल बावट्याचे वैरी नाही, संपाचं मोल आम्हाला कळतं. पण कामगारांचा इतिहास लिहिताना मालक आणि मजूर असे दोनच रकाने पाडले तर हा धोटा कुठल्या रकान्यात लिहायचा?

आता महाडकडे येतो. महाडचा सत्याग्रह आपल्याला तोंडपाठ आहे. २० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी प्राशन केलं. दरवर्षी भाषणं होतात आणि तिथेच थांबतात. आम्हाला वाटतं त्या ओंजळीच्या आधीची चार वर्षं आणि नंतरची दहा वर्षं वाचली तर सत्ता म्हणजे काय हे जेवढं कळतं तेवढं जाड ग्रंथातूनही कळायचं नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, तो पास झाला. सरकारी पैशाने बांधलेले, सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. सरकारने खात्याखात्याला हुकूम धाडले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला की आमचं तळं सर्वांना खुलं. कौन्सिल झालं, सरकार झालं, नगरपालिका झाली. तीन सत्तांनी 'हो' म्हटलं. आणि तळ्यावर कोण गेलं? तीन वर्षं कोणीही नाही!

का गेलं नाही? आपली माणसं भित्री होती म्हणून? मुळीच नाही. त्या भागात पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी लोक होते, लढाया बघून आलेले. हा प्रश्न इथे थांबून विचारायला हवा. उत्तरासाठी दुसऱ्या एका कागदाकडे जावं लागतं. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात गावची सत्ता कशी चालते ते लिहून ठेवलंय. अस्पृश्य माणसं सवर्णांच्या शेतावर राबणारी, त्यांच्या जमिनी खंडाने कसणारी, गावच्या चाकरीवर जगणारी. त्यांनी विहिरीवर हक्क सांगितला की बहिष्कार. दुकानदार मीठमिरची देत नाही, रस्ता बंद, जमीन काढून घेतली, काम बंद. चांगले कपडे घातले, दागिना घातला, नवरदेव घोड्यावर बसवला, एवढ्यावरूनही बहिष्कार. बहिष्काराला पोलीस लागत नाही, कोर्ट लागत नाही. वाण्याने नुसती मान हलवली की झालं.

त्यात महार वतन. १८७४ चा वतन कायदा इंग्रजांनीच केलेला. रात्रंदिवस सरकारची आणि गावची चाकरी. बाप आजारी तर पोरगा, तो नसला तर घरातलं दुसरं कोणी. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. बलुतं गावच्या मर्जीवर. म्हणजे पोटाची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्याच विहिरीवर हक्क सांगायचा! बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायदा दुरुस्त करायचं बिल कौन्सिलात आणलं ते याच कारणाने. पाण्याचा लढा आणि वतनाचा लढा वेगळे नव्हते. वतन कायद्याने गेलं ते १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर.

हे ध्यानात घेऊन मार्चची परिषद पुन्हा बघा. परिषदेला जमलेल्यांना प्यायला पाणी नव्हतं, तर चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घेतलं गेलं. तळं गावात, ठराव दप्तरात, आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने जाऊन पाणी प्यालं. मग अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. नंतर एकशे आठ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळ्याचं शुद्धीकरण. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख बघा, बोल्यांच्या ठरावाला त्याच दिवशी चार वर्षं झाली होती. ठराव वापरला जात नव्हता तोवर कोणाची हरकत नव्हती. तो वापरल्याबरोबर रद्द झाला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषदेला जागा मिळेना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. स्थानिक व्यापारी माल देईनात, शिधा बाहेरून आणावा लागला. इकडे सनातनी मंडळी कोर्टात गेली. १२ डिसेंबरला दावा, १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, ते आपण दरवर्षी सांगतो. पण २६ आणि २७ तारखेला मंडपात काय झालं ते कमी सांगितलं जातं. लोक तळ्यावर जायला तयार, तुरुंगात जायला तयार. जिल्ह्याचा कलेक्टर स्वतः येऊन सांगून गेला की कोर्टाचा हुकूम मोडू नका. बाबासाहेबांपुढे पेच. समोर सनातनी असते तर गोष्ट सोपी होती, पण आता समोर कोर्ट उभं केलेलं. आणि ज्या सरकारचे हुकूम आपल्या बाजूचे आहेत त्याच सरकारशी भांडण जुंपावं अशी सनातन्यांची इच्छा. शेवटी सत्याग्रह तहकूब झाला. हजारो माणसं तळ्याला वेढा घालून, पाण्याला हात न लावता, शिस्तीत परत आली. काही पुस्तकांत हे दोन ओळींत उरकतात, जणू काही लाजायची गोष्ट आहे. आमच्या मते त्या मिरवणुकीत जो संयम होता तो मार्चच्या ओंजळीपेक्षा उणा नव्हता.

दावा दहा वर्षं चालला. महाडच्या कोर्टात १९३१ साली सनातनी हरले, ठाण्याला अपिलात १९३३ साली हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे हरले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच. आपण म्हणतो, बाबासाहेबांनी केस जिंकली. जिंकलीच. पण कशावर जिंकली ते वाचा. अस्पृश्यता वाईट आहे असं हायकोर्टाने ठरवलं नाही. सनातन्यांचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून आहे. कोर्टाने सांगितलं, तळं नगरपालिकेचं आहे आणि एवढी जुनी रूढी तुम्ही पुराव्याने सिद्ध केलेली नाही. सिद्ध झाली असती तर ती रास्त की गैर हा विचार कदाचित करावा लागला असता. झाला नाही, म्हणून तो प्रश्न उघडलाच नाही. अस्पृश्यता नष्ट केली हे शब्द कायद्यात आले ते १९५० च्या संविधानाच्या सतराव्या कलमाने. १९३७ साली मात्र सगळा निकाल पुराव्यावर होता. जुने कागद काय म्हणतात यावर आपलं पाणी अवलंबून होतं!

इथे अभ्यासाचा खरा विषय येतो. जुने कागद कोणी लिहिले? जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हेच दाखवलं. सरकार गोरं, शेतकरी अडाणी, आणि मधे कागद लिहिणारे भट कामगार. हुकूम सरकारचा, पण लेखणी ज्याच्या हाती त्याच्या मनाप्रमाणे तो शेतकऱ्याच्या दारी पोचायचा. विद्यापीठातले पंडित याच्याकडे बऱ्याच उशिरा वळले. रणजित गुहा यांनी १९८२ पासून 'सबाल्टर्न स्टडीज' या नावाने ग्रंथमाला काढली. सबाल्टर्न म्हणजे दबलेली, खालच्या पायरीवरची माणसं. बंड करणारा शेतकरी स्वतः काही लिहून ठेवत नाही, त्याच्याबद्दल लिहितो तो फौजदार. मग फौजदाराचाच रिपोर्ट उलटा वाचायचा. त्याने 'दंगेखोर' लिहिलं तिथे हक्क मागणारा माणूस दिसतो का बघायचं. ही विद्या चांगली आहे. पण आम्हाला सांगावंसं वाटतं की आपली गोष्ट याहून थोडी निराळी. आपल्या माणसांनी स्वतः लिहिलं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. महाडची हकीकत आपल्याला फौजदाराच्या रिपोर्टातून उलटी वाचावी लागत नाही.

एलिनॉर झेलियट अमेरिकेहून आल्या, आपल्या चळवळीवर १९६९ साली प्रबंध लिहिला. गेल ऑम्वेट यांनी सत्यशोधक चळवळीवर १९७३ साली लिहिला आणि पुढे त्या कासेगावच्याच झाल्या. आनंद तेलतुंबडे यांचं महाडवरचं इंग्रजी पुस्तक २०१६ सालचं. या सगळ्यांना लागले ते कागद. कोणाच्या ट्रंकेतले, कोणाच्या माळ्यावरचे. चां. भ. खैरमोडे यांनी बाबासाहेबांचं बहुखंडी चरित्र लिहिलं तेही कागद जमवून जमवूनच, आणि वसंत मून यांनी सरकारी खंड संपादित केले तेही तसेच. आपल्या पोराने बी.ए.ला इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलं की घरात तोंडं पडतात, नोकरी कुठे लागणार म्हणून. काळजी खोटी नाही, पोट सर्वांना आहे. पण वस्तीतली दहा पोरं कॉम्प्युटरला गेली तर एखाद्या पोरीला दप्तरखान्यात जाऊ द्या. मोडी वाचायला शिकू द्या. पुढच्या वेळी कोर्टात नाही तर पाठ्यपुस्तकाच्या कमिटीत पुरावा मागतील, तेव्हा तो काढून द्यायला आपलं कोणीतरी लागेल.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात संविधान सभेला आठवण दिली की सभेचं कामकाज या देशाला नवं नाही. भिक्खू संघात बसायची व्यवस्था, ठराव मांडायची पद्धत, गणसंख्या, मतमोजणी हे सगळं होतं. आमच्या विहाराच्या सभांच्या इतिवृत्ताची वही मात्र मधल्या काळातली सापडत नाही. ती कोणाच्या घरी असेल तर रागावणार नाही, आणून द्या.

आणि हीच विनंती सर्वांना. तुमच्या घरी आजोबांची वतनाची सनद असेल, समता सैनिक दलाचा बिल्ला असेल, धर्मांतराच्या वेळचं पत्रक, जुनी जयंतीची वर्गणीची पावती, गिरणीचं पगारपत्रक, काहीही. फाटकं असलं तरी चालेल. दर रविवारी वंदना झाल्यावर दोन मुलं इथे टेबल टाकून बसतील. कागदाचा फोटो काढून, वहीत नोंद करून, मूळ कागद त्याच दिवशी तुमचा तुम्हाला परत. फक्त आणण्याआधी त्याला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका, त्याने कागद कायमचा जातो. ओला झालेला असेल तर उन्हात न टाकता सावलीत वाळवा. येत्या रविवारी पहिला कागद आमच्या घरचा असेल.

जयभीम.